पूजेला बसलेल्या पाचरी

“देवधर मॅडम, तो डबा माझ्या लग्नाच्याही आधीपासून तिथं उभा आहे. आता काय पळून जाणार?”

सेनगुप्ता साहेब हसले. मीटिंगमधले बाकीचेही हसले. मी नाही हसले. कारण आदल्याच दिवशी मी तो डबा पळताना पाहिला होता. फार नाही, चार-पाच पावलं. पण पळाला होता.

खिदिरपूरच्या गोदीकडे जाणारी एक जुनी मालगाडीची लाईन होती. कित्येक वर्षं बंद. दोन्ही बाजूंना शिरीष, कदंब आणि माणसाच्या डोक्याहून उंच गवत. त्या लाईनीचा नेचर ट्रेल करायचा होता. म्हणजे रूळ उचलायचे, खडी दाबून सपाट वाट करायची, झाडं तशीच ठेवायची आणि लोकांना सकाळ-संध्याकाळ चालायला मोकळं सोडायचं. मी त्या कामावरची साइट इंजिनिअर. सेनगुप्ता साहेब प्रोजेक्ट हेड, माझे बॉस. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट आधी फोटोत दिसते आणि मग जमिनीवर.

आठवण म्हणून एका टप्प्यातले रूळ आम्ही ठेवणार होतो. त्यावर मालगाडीचा एक जुना गार्डचा डबा ठेवायचं ठरलं. मालगाडीच्या शेवटी गार्ड बसायचा तो, दोन्हीकडे व्हरांडा असलेला. झुडपात गंजत पडलेला तसा एक डबा आम्हाला मिळाला. ठेवायचा तिथं जेसीबीनं आणला. शेवटचं थोडं सरकवायचं म्हणून ड्रायव्हरनं जेसीबीचं नाक नुसतं टेकवलं, आणि डबा आपला आपण निघाला! आवाज नाही, काही नाही. एकानं चाकाखाली ओंडका सरकवला म्हणून थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून ओंडका नीट बसलाय का ते बघितलं.

यात जादू काही नव्हती. असल्या डब्यांच्या आसाला पोलादी रोलर असतात. वरून गंज कितीही चढो, आत ग्रीस असलं की चाक फिरायला तयार असतं. आणि आमच्या ट्रेलला कालव्याकडे उतार होता. शंभर फुटांना एक फूट. कोलकात्यात पाणी तुंबायला निमित्त लागत नाही, म्हणून तो द्यावाच लागला. एवढा उतार डोळ्यांना दिसत नाही. चालणाऱ्याच्या गुडघ्यांना कळत नाही. पाण्याला मात्र कळतो, आणि चाकालाही कळतो.

“चाकं रुळांना वेल्ड करून टाकू,” मी म्हटलं. “आणि खालच्या टोकाला बफर लावू. डबा अडेल असा खांब.”

“बफरनं व्ह्यू जातो,” साहेब म्हणाले. “आणि वेल्डिंग उद्घाटनानंतर. पाहुणे डबा थोडासा ढकलतील, डब्यानंच फीत तुटेल. कशी आहे आयडिया?”

“भयंकर आहे.”

“थँक यू,” ते म्हणाले.

भांडून भांडून मी तीन गोष्टी पदरात पाडून घेतल्या. व्हरांड्यातलं हँडब्रेकचं चाक घट्ट आवळायचं. डब्याला साखळी घालून ती रुळाला कुलूपबंद करायची. आणि चाकांखाली लाकडी पाचरी ठोकायच्या. रेल्वेवाले उभे डबे असेच धरून ठेवतात. मी रोज सकाळी आल्या आल्या आधी डब्याकडे जायची. वाकून पाचरी हलवून बघायची, साखळी ओढून बघायची, मग चहा. साइटवर माझं नाव ‘भीतू दीदी’ पडलं. बंगालीत भीतू म्हणजे भित्री. पडू दे. भित्र्या इंजिनिअरचे पूल उभे राहतात.

पण खरं सांगायचं तर मला साधी काळजी नव्हती, भीती होती. घरी पोळ्या लाटताना मला तो डबा दिसायचा. लाटणं ओट्यावरून गडगडलं तरी दचकायची. माझे मिस्टर, अनंत, म्हणायचे, “अगं, तू लग्नात माझ्याकडे बघितलं नसशील इतकं त्या डब्याकडे बघतेस.”

अनंत बँकेतून रिटायर झाले आणि वर्षाच्या आत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय ओढत चालतात, हातात काठी. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. पण बालीगंजच्या फुटपाथवर धडधाकट माणूस सरळ चालू शकत नाही, तिथं यांचं काय? दोनदा पडले. मग घराबाहेर पडणंच सोडलं. हा ट्रेल झाला की ते तिथं चालतील, हे मी कुणाला बोलले नव्हते. पण प्रत्येक मीटर सपाट करताना माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा उजवा पाय असायचा.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. कोलकात्यात हा कारागिरांचा सण. कारखाने, गॅरेजं, साइट्स, सगळीकडे छोटे मांडव पडतात. यंत्रं धुतात, पुसतात, तेलपाणी करतात. हत्यारं देवापुढे मांडतात आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. आपल्याकडे दसऱ्याला करतात ना, तसंच. शिवाय त्या दिवशी अख्खं शहर पतंग उडवतं. माना वर आणि तोंडं उघडी.

आमचा हेडमिस्त्री हलदारदा आदल्या दिवशी म्हणाला, “दीदी, उद्या जामाईबाबूंना घेऊन या. मटण-भात आहे.” मी दीदी, म्हणून माझा नवरा जामाईबाबू. मी अनंतना विचारलं. नाहीच म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “मटण कोण करणार आहे?” मी म्हटलं, हलदारदा स्वतः. “मग येतो.”

सकाळी मला ऑफिसात जावं लागलं. दुपारी त्यांना घेऊन टॅक्सीनं साइटवर पोचले. आकाशभर पतंग. लाऊडस्पीकर कानठळ्या बसवत होता. रुळांच्या टप्प्याच्या वरच्या टोकाला डबा, मधोमध रुळाच्या कडेला देवाचा मांडव आणि खालच्या टोकाला कालव्यापाशी पंगत. मजुरांनी बरोबर जागा शोधली होती. रूळ म्हणजे आयती बैठक. दोन्ही रुळांवर ओळीनं माणसं बसलेली, समोर केळीची पानं. अनंतना जमिनीवर बसता येत नाही. त्यांना रुळाचं टोक आवडलं. चार जणांनी हात देऊन बसवलं, काठी शेजारी ठेवली. पाठ डब्याकडे, तोंड कालव्याकडे.

“वा!” ते म्हणाले. “आगगाडी नसलेला प्लॅटफॉर्म.”

त्या दिवशी सकाळी मी पाचरी बघितल्या नव्हत्या. म्हणून मी वर निघाले. हलदारदा बरोबर आला, नवा शर्ट, कपाळाला टिळा, आनंदानं नुसता फुललेला.

“बघा दीदी! ओळखू येतो का?”

डबा न्हाऊन-माखून उभा होता. लालभडक रंग. झेंडूच्या माळा. चाकांना चकचकीत काळा ऑइलपेंट आणि त्यावर शेंदराचे ठिपके. वर छपरावर दोन रंगारी पतंग उडवत होते. फार सुंदर दिसत होतं सगळं. मी खाली वाकले.

पाचरी नव्हत्या. साखळी नव्हती. खालच्या बाजूच्या दोन चाकांपुढे एकेक अर्धी वीट होती.

“हलदारदा, पाचरी कुठायत?”

“पूजेत!” तो अभिमानानं म्हणाला. “साखळीपण. धुतल्या, तेल लावलं, अगदी देवाच्या पायाशी ठेवल्यात. तुम्हीच म्हणता ना दीदी, या साइटवरचं सगळ्यात मोठं हत्यार हेच. मग पहिला मान त्यांचा.”

मी रोज उठून त्या लाकडांचं इतकं कौतुक केलं होतं की त्या गरीब माणसानं त्यांची पूजा बांधली. थापी, ओळंबा, ड्रिल, वेल्डिंग मशीन, सगळ्यांच्या पुढे माझ्या पाचरी.

“आणि हँडब्रेक?” मी विचारलं.

“फुल सर्व्हिसिंग! ऑइल घातलं, पूर्ण उघडून फिरवून बघितला. लोणी झालंय.”

“परत आवळला का?”

हलदारदानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण मागचा माणूस गेला होता.

“किच्छु होबे ना, दीदी,” तो म्हणाला. काही होणार नाही. कोलकात्यात हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतं. त्या वेळी तो ते मला नाही, स्वतःला सांगत होता.

“आधी त्या पोरांना खाली उतरव,” मी म्हटलं. “हळू. उडी मारू नका म्हणावं.”

तेवढ्यात वर कुणाचा तरी पतंग कटला. “भोकाट्टा!” करून दोघे छपरावर नाचले. एरवी दहा टनांच्या डब्याला दोन माणसांच्या नाचण्यानं काय होतंय? पण विटा आधीच चेपत आल्या असणार. मला खाली फट् असा आवाज आला. बिस्किट मोडावं तसा. मग दुसरा.

आणि डबा निघाला.

इतका हळू, की डबा जागेवर आहे आणि आपणच मागे सरकतोय असं वाटावं. छपरावरच्या दोघांना कळलंसुद्धा नाही. मी ओरडले. माझा आवाज लाऊडस्पीकरनं खाऊन टाकला. परत ओरडले, घसा फाटेस्तोवर. खाली पंगतीत एकानंही मान वळवली नाही. ज्यांची पानं अजून वाढायची होती ते आकाशाकडे बघत होते. आणि टोकाला तो पांढरा सदरा, माझ्याकडे पाठ करून, मान खाली घालून मन लावून जेवत होता.

“ब्रेक!” मी हलदारदाला ढकललं. “वर चढ! आवळ!”

तो व्हरांड्यावर चढला. चाक गरगर फिरवायला लागला. ऑइलनं ब्रेक खरंच लोणी झाला होता, झटक्यात आवळला गेला. ब्रेकचे ठोकळे चाकांना लागलेले मला दिसले. पण चाकांना तो चकचकीत ऑइलपेंट! ठोकळे त्याच्यावर नुसते घसरत होते. डबा चालत्या माणसाच्या वेगाला आला. मग भरभर चालणाऱ्या माणसाच्या.

आता माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. धावत अनंतकडे जायचं, नाहीतर मांडवात. डब्याच्या पुढे पळत मी अनंतपर्यंत पोचले असते. पण त्यांना बसवायलाच चार माणसं लागली होती. मला एकटीला ते उचलले गेले नसते. हे मला अगदी स्वच्छ कळत होतं आणि तरी पाय त्यांच्याकडेच ओढत होते. आयुष्यात मी स्वतःच्या पायांशी इतकी कधी भांडले नसेन.

मी मांडवात शिरले. भटजी प्रसादाची ताटं लावत होते. त्यांच्या हातांवरून वाकून मी देवाच्या पायाशी हात घातला. “ए की! ए की करछेन!” ते ओरडले. हे काय, हे काय करताय! फुलं उडाली, समई कलंडली. मी पाचर उचलली. तेलानं बुळबुळीत, हातातून निसटत होती. दुसरी काखेत मारली. बाहेर आले तो डबा मांडवासमोर येऊन पोचला होता.

पुढच्या चाकासमोर रुळावर पाचर ठेवली आणि हात मागे घेतला. चाकानं तिला लाथ मारल्यासारखी उडवली. माझ्या कानाजवळून गेली ती. तेल लावलेली ना! दुसरी मी पदरानं खसाखसा पुसली, डब्याच्या पुढे पळाले, गुडघ्यावर बसले. चाक माझ्याकडे येत होतं. शेंदराचे ठिपके गोल फिरत येत होते. तेलकट हातांत पाचर रुळावर ठरेना. त्या क्षणी मला देव, नवरा, कुणी आठवलं नाही. फक्त माझी बोटं आठवली. ती कापली जाणार एवढंच वाटत होतं. तरी मी ती पाचर दाबून धरली, आणि चाक टेकतंय असं दिसल्यावर सोडली.

लाकूड कर्रकन ओरडलं. चाक तिच्यावर थोडं चढलं, तिला रेटत पुढे निघालं. पण आता फिरत नव्हतं, घसटत होतं. रंग खरवडून ठोकळेही धरायला लागले होते. जळका वास सुटला. त्या किंचाळीनं मात्र पंगत जागी झाली. केळीची पानं तुडवत, भाताच्या पातेल्याला धक्के देत माणसं दोन्हीकडे उड्या मारत सुटली. कुणी त्यांना दोष देऊ नये. मीही उडी मारली असती.

सगळा रूळ रिकामा झाला. टोकाला एकटे अनंत उरले.

त्यांनी मान वळवून डबा बघितला. डावा हात रुळावर टेकून उठायला गेले. उठले नाहीत. काठी शोधली, ती लोकांच्या पायांनी लांब गेली होती. परत रेटा दिला. अर्धे उठले आणि बसले. मग त्यांनी प्रयत्न सोडला. ते माझ्याकडे बघायला लागले, डब्याकडे नाही.

डबा थांबला. त्यांच्या आणि डब्याच्या मध्ये एखादा माणूस आडवा झोपेल एवढी जागा होती.

कुणीतरी लाऊडस्पीकर बंद केला. मी पोचले, त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांचा हात मटणाच्या रश्श्यानं भरलेला, माझा तेलानं. आम्ही ते हात तसेच धरले.

“मला उठता आलं नाही गं,” ते म्हणाले.

एवढं एकच वाक्य. मग ते रडायला लागले. झटका आला तेव्हा रडले नव्हते, फुटपाथवर पडले तेव्हा रडले नव्हते. मी सगळ्या मजुरांसमोर त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि मीही रडले. मागे व्हरांड्यात हलदारदा अजूनही ब्रेकचं चाक दोन्ही हातांनी धरून उभा होता. सोडायलाच तयार नव्हता. त्याची बोटं छपरावरून उतरलेल्या त्या दोघा रंगाऱ्यांनी मिळून सोडवली.

मी साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

“कुणाला लागलं का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग किच्छु होय नि!” म्हणजे काहीच झालं नाही. “देवाची कृपा. उद्या बोलू.”

“उद्या नाही. आज वेल्डिंग होणार. नाहीतर हा ट्रेल सुरक्षित आहे असं मी लिहून देणार नाही. दुसरा इंजिनिअर शोधा.”

“मॅडम, आज विश्वकर्मा पूजा. वेल्डिंग मशीन देवापुढे असेल. आज त्याला कोण हात लावणार?”

त्या मांडवात मी आधीच पुरेसा गोंधळ घातला होता. पण माझं बोलणं हलदारदा ऐकत होता. तो मांडवात गेला. देवापुढे साष्टांग पडला. भटजींच्या पायांना हात लावला. मग वेल्डिंग मशीन उचलून घेऊन आला. नवा शर्ट काढून कुंपणावर टाकला आणि डबा थांबला होता तिथंच, एकेक करत चारही चाकं त्यानं स्वतःच्या हातानं रुळाला जोडून टाकली. मध्ये मध्ये तो मनगटानं डोळे पुसायचा आणि लोकांना सांगायचा, ठिणग्यांचा धूर आहे.

साहेब संध्याकाळी आले. बोलायला तोंड उघडलं, मग घसटल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. त्या मांडवापासून सुरू होऊन थेट पंगतीच्या पानांपर्यंत गेल्या होत्या. ते त्या खुणांवरून चालत शेवटपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, “बफरही लावून टाका.” व्ह्यूचं नाव काढलं नाही. उद्घाटनाला फीत कात्रीनं कापली.

माझ्या धंद्यातला धडा सांगायचा तर एवढाच, की रुळावरची गाडी कधीच उभी नसते. कुणीतरी ती धरून ठेवलेली असते. धरणाऱ्यानं सोडलं की ती निघते, आणि सोडणारा बहुतेक वेळा चांगल्या मनाचाच असतो.

अनंत महिनाभर ट्रेलवर यायला तयार नव्हते. मी आग्रह केला नाही, मलाही धीर नव्हता. मग एके दिवशी स्वतःच चपला घालून दाराशी उभे राहिले. आता रोज येतात. डब्यापर्यंत चालतात आणि तिथल्या बाकावर बसून दम घेतात. ड्रॉइंगमध्ये तो बाक डब्याच्या खालच्या अंगाला होता, कालव्याचं दृश्य दिसावं म्हणून. मी तो वरच्या अंगाला बसवून घेतला. तिथून डब्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. पण डबा कधी सुटलाच तर आमच्यापासून लांब जाईल. आम्ही दोघं तिथं बसतो आणि डब्याची पाठ बघतो.